किल्ला तिसऱ्या दिवशी का फुटतो?

पत्र : आम्ही सांगलीत विश्रामबागेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी आणि हे दोघंही नोकरीला. थोरली सहावीत, धाकटा तिसरीत. सासूबाईंचे गुडघे धरलेत, त्यांना जिना चढवत-उतरवत नाही. गेल्या वर्षी कोजागरीपासून दिवाळीपर्यंत हौसेनं सगळं करायला घेतलं आणि सगळंच फसलं. दूध तळाला लागलं, वर चंद्र डोक्यावर यायच्या आत मुलं झोपली. गॅलरीतला किल्ला तिसऱ्या दिवशी फुटला, त्यावर मोहरी उगवलीच नाही. चकल्या पाडव्यापर्यंत मऊ झाल्या. सुट्टीत कासला गेलो तर फुलं नव्हती. माझं माहेर तासगाव तालुक्यात, भावाची द्राक्षबाग, त्यामुळे भाऊबीज ऐन छाटणीत येते. यंदा मुलं म्हणतात, किल्ला नको. सासूबाई म्हणतात, हल्लीच्या पोरांना आवडच नाही. सगळं सोडून द्यावं का?
– एक वाचक, सांगली

ताई, सोडू नका. आणि सासूबाईंचं म्हणणंही तेवढ्यापुरतंच ऐका. दोन दिवस चिखलात हात घालून उभं केलेलं काम तिसऱ्या दिवशी फुटलं, पेरलेलं उगवलं नाही, जागं राहून चंद्र दिसला नाही, तर मोठ्या माणसाचीही आवड जाईल. मुलं मोबाइलकडे वळतात ती त्यानंतर. तुमच्या पत्रात फसलेल्या सहा गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला साधं कारण आहे. कारण दुरुस्त केलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे काही गोष्टी वगळणं. दोघं नोकरीला असताना कोजागरी, किल्ला, आकाशकंदील, पाच प्रकारचा फराळ, वर एक सहल, हे होत नाही. कोजागरी आणि किल्ला ठेवा. फराळातलं चकली आणि भडंग घरी करा. करंज्या, अनारसे, लाडू बचत गटाच्या बायकांकडून किलोवर घ्या. त्यात कमीपणा काही नाही, त्यांचीही दिवाळी होते. आकाशकंदील विकतचा आणा, आत पाच वॅटचा एलईडी बल्ब लावा. जुना पिवळा बल्ब तापतो, त्यानं कागद करपतो.

पहिल्यांदा दूध. पाच माणसांना एक लिटर म्हशीचं दूध पुरतं. ते आटून पाऊण लिटर झालं की प्रत्येकाला दीडशे मिली येतं, आणि मसाला दूध याहून जास्त कुणाला जातही नाही. त्यात पंधरा बदाम, दहा काजू, दहा पिस्ते, पाच वेलदोडे, केशराच्या दहा-बारा काड्या, जायफळाची पूड दोन चिमूट आणि साखर सपाट पाच मोठे चमचे. जायफळ हात सैल सोडून घातलं की दूध कडवट लागतं, म्हणून चिमटीनंच.

तळाला लागतं ते बहुतेक वेळा एकाच चुकीनं : सुक्या मेव्याची पूड सुरुवातीलाच घालतात. पूड जड असते, तळाशी बसते आणि दुधाआधी तीच करपते. म्हणून जाड बुडाचं पातेलं आधी पाण्यानं विसळून घ्या, पाणी निथळा पण पुसू नका, मग दूध ओता. उकळी आली की आच मंद ते मध्यम. दर दोन-तीन मिनिटांनी उलथन्यानं तळ खरवडत राहा, कडेची साय आत ढकलत राहा. अर्ध्या तासात दूध पुरेसं आटतं. मग साखर, ती विरघळली की पूड, पाच मिनिटं ढवळून गॅस बंद. केशर आधी दोन चमचे कोमट दुधात पंधरा मिनिटं भिजवलेलं असावं, ते शेवटी.

पूड करताना मिक्सर सलग फिरवू नका. बदाम-काजूला तेल सुटतं आणि चटणीसारखा गोळा होतो. चमचाभर साखर सोबत घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवा. हे काम थोरलीला द्या.

एवढं करूनही लागलंच, तर तळ खरवडू नका. वरचं दूध हलक्या हातानं दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या. एकदा खरवडलं की करपट वास सगळ्या दुधात जातो आणि मग वेलदोडा कितीही घाला, तो झाकत नाही. दुसरी गोष्ट, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत ओट्यावर राहिलं तर आटवताना नासतं. सकाळीच तापवून फ्रिजमध्ये ठेवा. आणि सांगलीकर म्हणून बेदाणे घालण्याचा मोह होणार. घाला, पण धुऊन, आणि दूध कोमट झाल्यावर. बेदाण्याचा आंबटपणा उकळत्या दुधात उतरला तर दूध फाटू शकतं.

आता चंद्राचं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळायच्या सुमाराला पूर्वेला उगवतो. म्हणजे आश्विनात सव्वासहाच्या आसपास. डोक्यावर यायला त्याला मध्यरात्र होते. मध्यरात्रीची प्रथा आहे, ती मोठ्यांनी पाळावी. तिसरीतल्या मुलासाठी साडेआठला चंद्र पूर्वेच्या इमारतींवर छान वर आलेला असतो. तेव्हा नैवेद्य दाखवा, दूध प्या, नऊला मुलं झोपतील.

तुमची गॅलरी कुठल्या बाजूला आहे ते पत्रात नाही. पूर्वेला असेल तर सासूबाईंना गच्चीवर न्यायचं काही कारणच नाही, खुर्ची गॅलरीत टाका. पश्चिमेला असेल तर चंद्र तिथं मध्यरात्रीनंतरच येतो, मग स्वयंपाकघराची किंवा जिन्याची खिडकी बघावी लागेल. दोन दिवस आधीपासून संध्याकाळी कुठल्या खिडकीतून चंद्र दिसतो ते मुलांना शोधू द्या. रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो हेही त्यांच्या लक्षात येईल.

दुधात चंद्र बघायचा तर पेला उपयोगाचा नाही. उंच पेल्यात तो दिसायला चंद्र डोक्यावर लागतो. पसरट वाडगं घ्या, वरची साय बाजूला सारा, वाडगं स्थिर ठेवा आणि चंद्राकडे तोंड करून थोडं मागं सरकून तिरपं बघा. गॅलरीतला दिवा बंद हवा.

त्याच संध्याकाळी थोरलीची आश्विनी करा. पहिल्या अपत्याला या पौर्णिमेला ओवाळायची आपल्याकडे पद्धत आहेच. बसल्या जागी करण्याचं काम आहे, ते सासूबाईंचं. धाकटा रुसेल. त्याला दुधाचा वाडगा धरायचं काम द्या.

नवरात्र अजून यायचं असेल तर एक दिवस हादगाही होतो. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, आणि शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. सोळा दिवस करायला कुणाला सवड आहे? एक दिवस पुरे. खिरापत वाजणारी ठेवा. शिरा ठेवला तर डबा हलवून काय कळणार!

किल्ल्याकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथं आहे.

तुमचा किल्ला फुटला तो मातीमुळं. कृष्णाकाठची काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याच तुमच्या किल्ल्यावर पडल्या. त्यात आश्विनातलं ऊन : वरचा थर दुपारीच वाळतो, आतला ओला राहतो, वरचा आकसताना आतला त्याला धरून ठेवतो, मग तो फाटतो. नुसत्या काळ्या मातीचा किल्ला कुणीही केला तरी फुटेल.

मिश्रण असं करा. दोन भाग तांबडी किंवा मुरमाड माती, एक भाग काळी, एक भाग बारीक चाळलेली वाळू किंवा क्रश सँड, आणि घमेल्यामागं दोन ओंजळी भुसा. तांबडी माती रोपवाटिकेत पोत्यानं मिळते. काळी थोडी लागतेच, ती चिकटपणा देते. वाळू आकसणं कमी करते, भुसा धाग्यासारखा थर बांधून ठेवतो. भुसा नसेल तर उसाचं वाळलेलं पाचट बोटभर कापून चालेल, आणि आपल्या भागात त्याला काय तोटा!

गॅलरीत वजनाचा विचार करा. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच किल्ला सगळा मातीचा भरीव केला तर दीडशे किलोच्या घरात जातो. म्हणून आतून पोकळ ठेवायचा. खाली जाड प्लास्टिकचा कागद, कडा दोन इंच वर वळवलेल्या, त्यावर आठ-दहा विटा आणि तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे पालथे घालून डोंगराचा आकार रचायचा. उंच भाग भिंतीच्या बाजूला ठेवा, कठड्याच्या बाजूला उतार. पुठ्ठ्याची खोकी वापरू नका. दोन दिवसांत ती आतून ओली होऊन खचतात आणि वरचा बुरूज आत जातो. बऱ्याच किल्ल्यांचं खचणं लोक मातीच्या माथी मारतात, दोष खोक्याचा असतो.

या सांगाड्यावर गोणपाट पांघरायचं. गोणपाट म्हणजे तागाचं, खताचं प्लास्टिकचं पोतं नव्हे; त्याला चिखल धरत नाही. दोन गोणपाटं उसवून पसरट करा. चिखलाचा एक भाग इडलीच्या पिठाएवढा सैल करा, त्यात गोणपाट बुडवून, दोन्ही बाजूंनी चांगलं माखून, सांगाड्यावर टाका आणि हातानं दाबून डोंगराच्या सोंडा, घळी बसवा. हा दिवस पहिला. रात्रभर तसंच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठाएवढा घट्ट चिखल. अर्धा इंच जाडीचा एकच थर. एकदम दोन इंच थापला की भेग ठरलेली. दुपारी अकरा ते चार ओल्या कापडानं झाकून ठेवा, म्हणजे आतबाहेर सारखं वाळेल. तिसऱ्या दिवशी केसाएवढ्या बारीक भेगा दिसतील, तेवढ्या दिसणारच. त्या आधी पाण्यानं ओल्या करा, मग जास्त वाळूचा पातळ चिखल बोटानं भरा. कोरड्या भेगेत ओला चिखल भरला तर तो धरत नाही, खपली होऊन पडतो. एकूण चिखल तीन-चार घमेली लागतो.

तटबंदी, बुरूज, दरवाजे वेगळ्या मातीचे करू नका, त्याच मातीचे करा, नाहीतर दोन माती वेगवेगळ्या आकसतात आणि सांध्यात फट पडते. दरवाजा करताना बाजारातून आणलेलं मावळ्याचं चित्र, म्हणजे मातीची बाहुली, आधी शेजारी उभं करून माप घ्या. नाहीतर तीन इंचांचा मावळा आणि दोन इंचांचा महादरवाजा. मोठी माणसं हसून सोडून देतात, पण मुलांच्या नजरेला ते खुपतं.

किल्ला कुठला करायचा ते मुलांनी ठरवावं, पण मनानं रचलेल्या किल्ल्यापेक्षा खरा किल्ला करायला सोपा जातो, कारण काय कुठं ठेवायचं याचा वाद राहत नाही. पहिल्यांदा नीट करत असाल तर साताऱ्याचा अजिंक्यतारा घ्या. माथा लांबट आणि सपाट, त्यामुळं सांगाडा सोपा. कडेनं तट, एका अंगाला दरवाजा, वर मंगळाई देवीचं देऊळ, पाण्याची तळी. थोरलीला पाटीवर दोन ओळी लिहू द्या : औरंगजेबानं 1700 साली हा किल्ला घेतला आणि त्याचं नाव आझमतारा ठेवलं, पुढं ताराराणींच्या फौजेनं तो परत घेतल्यावर अजिंक्यतारा झाला. शाहू महाराजांचा राज्याभिषेक 1708 साली साताऱ्यातच झाला. प्रतापगड पुढच्या वर्षी करा. तो दोन टप्प्यांचा आहे, वर बालेकिल्ला आणि खाली माची, शिवाय टेहळणीचा बुरूज पुढं निघालेला. दीड फुटात हे सगळं बसवायला हात तयार हवा. 10 नोव्हेंबर 1659 चा प्रसंग पायथ्याशी मांडायचा तर पुढं फूटभर मोकळी जागा लागते, ती आधीच सोडावी लागते.

रंग देताना तट आणि दरवाजाला गेरू, पायऱ्यांना चुना. हे सगळं पेरणीच्या आधी, आणि उतारावर चुन्याचा शिंतोडासुद्धा नको. चुना पडला तिथं बी उगवत नाही. तुमची मोहरी न उगवण्याचं एक कारण हे असू शकेल, कारण पेरल्यावर रंग देणारे बरेच असतात.

दुसरं कारण मोहरीच. ती गोल असते, उतारावरून घरंगळते. राहिली ती वरवर राहते, आणि आश्विनातल्या दुपारी तीन तासांत वरची माती कोरडी पडते. उतारासाठी अळीव घ्या. अळिवाला पाणी लागलं की त्याच्याभोवती बुळबुळीत चिकट थर येतो, त्यानं बी उभ्या उतारालासुद्धा चिकटून राहतं आणि ओलही धरून ठेवतं. तुमच्या मापाच्या किल्ल्याला पन्नास ग्रॅम पुरे. पायथ्याच्या सपाट शेताला मूठभर गहू रात्रभर भिजवून, आणि थोडी नाचणी.

पेरताना उतार फवाऱ्यानं चांगला ओला करा. अळीव कोरडंच चिमटीनं जवळून दाबत टाका. वर माती घालू नका. मग ओलं वर्तमानपत्र किंवा जुन्या धोतराचं ओलं फडकं पांघरा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांढरे मोड दिसले की लगेच काढा. एक दिवस उशीर केला तर कोंब कागदाला चिकटून उपटून येतात. पाणी दिवसातून तीनदा, फवाऱ्यानंच. मगानं ओतलं की सगळं बी वाहून तटाच्या कोपऱ्यात गोळा होतं आणि मग तिथंच जंगल माजतं. चिमण्या आणि मुंग्या बी उचलतात. चिमण्यांना फडकं आडवं येतं, मुंग्यांसाठी प्लास्टिकच्या कडेला हळदीची रेघ ओढा.

सगळ्यात मोठी चूक मात्र तारखेची होते. अळीव पाचव्या-सहाव्या दिवशी दीड इंच, हिरवंगार, ताठ असतं. दहाव्या दिवशी ते लांबून आडवं पडतं, पिवळं होतं. म्हणून कोजागरीला पेरू नका. कोजागरीनंतर बाराव्या तिथीला वसुबारस येते. सांगाडा आणि माती कोजागरीनंतरच्या पहिल्या शनिवार-रविवारी, भेगा आणि रंग मधल्या वारांना संध्याकाळी अर्धा-अर्धा तास, आणि पेरणी वसुबारसेच्या पाच दिवस आधी. तिथी कधी वाढते, कधी क्षय होते, तेव्हा भिंतीवरची दिनदर्शिका बघून मागं मोजा. फवाऱ्याचं काम पूर्ण धाकट्याचं. सकाळी शाळेआधी, दुपारी आल्यावर, संध्याकाळी. दुपारची वेळ चुकली तर आठवण करायला आजी घरात आहेतच, आणि बसल्या जागेवरून किल्ल्यावर लक्ष ठेवणारा किल्लेदार याहून चांगला कुठला मिळणार!

विजेच्या माळा ओल्या मातीवरून नेऊ नका. लावायच्याच तर बॅटरीवरच्या छोट्या एलईडी घ्या. पणत्या तटाच्या बाहेर, गोणपाटाची कडा उघडी राहिली असेल तिथून लांब. तागाचं कापड आहे, वाळल्यावर पेट घेतं. आणि पाऊस! परतीचा पाऊस आपल्याकडे दसऱ्यानंतरही एखाद्या संध्याकाळी ढगांच्या गडगडाटासह येतो. प्लास्टिकचा एक मोठा कागद घडी घालून गॅलरीतच ठेवा.

चकल्यांचं आता थोडक्यात. भाजणीला चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी धने, पाव वाटी जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, एकत्र भाजलं की डाळ कच्ची राहते आणि धने करपतात. चार वाट्या पिठाला चार मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पाणी पिठाएवढं किंवा किंचित कमी, उकळून, त्यात तिखट-मीठ-तीळ-ओवा घालून पीठ ढवळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते, कमी झालं की दात लागत नाही.

तुमच्या चकल्या पाडव्याला मऊ झाल्या म्हणजे तळताना आत ओल राहिली. तेल चांगलं तापवून चकल्या सोडा, मग आच मध्यम करा आणि बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत काढू नका. बुडबुडे म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतंय. मोठ्या आचेवर रंग लवकर येतो, आपण काढतो, आणि आतलं पाणी डब्यात बाहेर येतं. दुसरं, डबा. चकली पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावलं की वाफेचे थेंब झाकणाला जमतात. जाळीवर दोन तास राहू द्या. झालेल्या मऊ चकल्या टाकू नका, मध्यम तेलात दोन मिनिटं परत तळा.

भडंग सांगलीत राहून घरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. मुलांसाठी. फराळातला हा एकच पदार्थ असा आहे की तिसरीतलं पोरसुद्धा त्याचा निम्मा भाग करू शकतं. अर्धा किलो चुरमुरे दुपारी दोन तास उन्हात सुती कापडावर पसरायचे, अधूनमधून हलवायचे. मुठीत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे. हे धाकट्याचं काम. दोनशे ग्रॅम शेंगदाणे, पंचवीस-तीस लसूण पाकळ्या सालासकट ठेचलेल्या, दोन मुठी कढीपत्ता धुऊन पूर्ण पुसलेला, पाऊण वाटी तेल. शेंगदाणे आधी तळून काढा, मग लसूण मंद आचेवर बदामी आणि कुरकुरीत होईपर्यंत, मग कढीपत्ता. लसूण मऊ राहिला की तिसऱ्या दिवशी अख्खा डबा सादळतो. गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, मग अर्धा चमचा हळद आणि तीन चमचे लाल तिखट. चटका बसलेल्या तेलात तिखट घातलं की ते काळं पडतं आणि सगळ्यांना ठसका लागतो. मीठ आणि दोन चमचे पिठीसाखर शेवटी, बारीक मीठच घ्या, जाड मीठ तळाशी बसतं. चुरमुरे घालून थोरलीनं दोन झाऱ्यांनी खालीवर करायचं. गार झाल्यावर डबा.

कासचा बहर ऑगस्टच्या शेवटाला सुरू होतो, सप्टेंबरात भरात असतो आणि ऑक्टोबर उजाडला की ओसरतो. पश्चिम घाटाचा भाग म्हणून 2012 साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं पठार आहे, पण दिवाळीत तिथं वाळलेलं गवतच दिसणार. पुढच्या वर्षी गणपतीनंतर, आठवड्याच्या मधल्या वारी, आधी नोंदणी करून जा. यंदाच्या सुट्टीत सव्वाशे-दीडशे किलोमीटर जायची गरज नाही. एखाद्या संध्याकाळी पाचला हरिपूरला जा. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, आणि हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवांची गोष्ट मुलांना तिथंच दाखवता-सांगता येते. गाडी देवळाजवळ जाते. अंधार पडायच्या आत पाण्यापासून लांब या, पावसाळ्यानंतर काठ निसरडा असतो.

राहिली भाऊबीज. दिवस ठरवण्याआधी भावाला फोन करून एवढंच विचारा की पेस्ट कधी आहे. छाटणीची टोळी एकदा ठरली की त्याला तारीख हलवता येत नाही, आणि छाटणीच्या पाठोपाठ काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटायच्या जागांना, पेस्ट लावावीच लागते. ते रसायन कातडीला आणि डोळ्यांना वाईट. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मुलांनी बागेत जायचं नाही, मामानं कितीही बोलावलं तरी. तो दिवस नेमका भाऊबिजेचा असेल तर मामानं आंघोळ करून, कपडे बदलून, दिवेलागणीला घरात ओवाळून घ्यायचं. दुपारीच ओवाळलं पाहिजे असं काही नाही. भडंगाचा एक डबा टोळीसाठीही न्या.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहील. अळीव दहा दिवसांत वाकेल, तेव्हा कात्रीनं कापून टाका. खुडून भाकरीबरोबर खायचा विचार असेल तर गेरू-चुन्याजवळचं घेऊ नका. मोडताना चित्रं आधी काढा, कोरड्या कुंचल्यानं झाडा आणि एकेक वर्तमानपत्रात गुंडाळा. धुतली तर रंग जातो. तटाची चुना लागलेली माती वेगळी टाका, बाकीची कुंड्यांत जाते. गोणपाट झटकून, कडक उन्हात वाळवून, विटा आणि डब्यांबरोबर जिन्याखाली ठेवा, म्हणजे प्रतापगडाच्या वेळी पहिला दिवस शोधाशोधीत जाणार नाही.